हुकूम कोण मोडतं? – क्रांतीची सुरुवात आणि गोव्याचा अनुभव

तिसवाडीकर

कोलंबो २०२२, ढाका २०२४, काठमांडू २०२५. शेजारच्या तीन देशांतली सरकारं रस्त्यावरच्या लोकांनी घालवली. आमच्या तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींत तेव्हापासून एकच वाक्य ऐकू येतं : महागाई आणि बेकारी हाताबाहेर गेली की लोक उठतात आणि राज्य उलटतं. मला हे अपुरं वाटतं. महागाई आणि बेकारी जगात बहुतेक ठिकाणी, बहुतेक वेळ असते. लोकांचा राग कायमचा मुक्कामाला असतो. तरी क्रांत्या क्वचितच होतात.

माझं म्हणणं असं : राज्याचा हुकूम ज्यांनी खालपर्यंत न्यायचा, तेच लोक तो न्यायचं थांबवतात तेव्हा क्रांती सुरू होते. शिपाई, कप्तान, कारकून, तारवाला. आणि हे पाहायला गोव्याइतकी चांगली जागा नाही, कारण साडेचारशे वर्षं आपण एका दूरच्या राजधानीच्या हुकमाच्या शेवटच्या टोकाला होतो. तिथे काही बिनसलं की इथे कळायचं. इथे काही घडलं की तिथेही पोहोचायचं, आणि या दुसऱ्या दिशेबद्दल आपण फार कमी बोलतो. म्हणून हा धागा.

लिस्बनमधली २५ एप्रिल १९७४ ची क्रांती घ्या. बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुलं, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिची सुरुवात मात्र बढतीच्या तक्रारीतून झाली. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत, अंगोलात १९६१ पासून, गिनीत १९६३ पासून आणि मोझांबिकमध्ये १९६४ पासून युद्ध चालू होतं. अधिकारी कमी पडू लागले. मग १९७३ च्या जुलैत सरकारने एक आदेश काढला, की सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना लष्करी अकादमीत छोटा अभ्यासक्रम करून कायम सेवेत घेता येईल. पूर्ण शिक्षण घेऊन आलेल्या, दोन-दोन वर्षांच्या आफ्रिकेतल्या फेऱ्या पुन्हा पुन्हा केलेल्या कप्तानांना ही नवी माणसं सेवाज्येष्ठतेत मागे टाकणार होती. कप्तान चिडले. सप्टेंबरात एव्होरा भागातल्या एका शेतघरावर शंभरावर अधिकारी जमले. सरकारने पुढे आदेश गुंडाळला, पण बैठका थांबल्या नाहीत. बढतीवरून सुरू झालेलं बोलणं काही महिन्यांत ‘हे युद्ध लढायचंच कशाला’ इथवर गेलं आणि तिथून ‘हे सरकार हवंच कशाला’ इथे.

या कप्तानांच्या मनात गोवा होता. १४ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने इथल्या गव्हर्नर जनरलला, व्हासालो इ सिल्वाला, संदेश पाठवला होता की शरणागती नाही, सैनिक जिंकतील किंवा मरतील. व्हासालो इ सिल्वाने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि हजारो माणसांचे जीव वाचवले. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक इथल्या छावण्यांत कैदी राहिले. सालाझारच्या सरकारने त्यांना परत न्यायला मे १९६२ उजाडू दिला. पुढच्या वर्षी गव्हर्नरला आणि काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकलं. राजकारण्यांनी तोडगा काढायला नकार द्यायचा आणि पराभवाचा डाग मात्र सैनिकांच्या कपाळी लावायचा, हा धडा प्रत्येक पोर्तुगीज कप्तानाने गिरवलेला होता. १९७३ मध्ये गिनीत हवाई दलही सुरक्षित राहिलं नाही, तेव्हा त्यांना दिसलं की आता गिनीचा गोवा होणार आणि दोष आपल्या माथी येणार. चळवळीचा पाया गिनीतच पक्का झाला, हे योगायोगाने घडलेलं नाही.

आता २५ एप्रिलची सकाळ. लिस्बनच्या नदीकाठी कप्तान साल्गेइरो माइयाची तुकडी उभी. समोर सरकारच्या बाजूचे रणगाडे. ब्रिगेडियरने माइयावर गोळी झाडायचा हुकूम दिला. एका कनिष्ठ अधिकाऱ्याने नकार दिला. मग ब्रिगेडियरने थेट रणगाड्यातल्या कॉर्पोरलला सांगितलं. त्यानेही झाडली नाही, झाकण लावून तो आत बसून राहिला. माझ्या मते अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही त्या क्षणी संपली. संध्याकाळी पंतप्रधान कायतानो कार्मो बराकीत शरण आला, तो पुढचा उपचार.

इतरांची मतं वाचायची आहेत. विशेषतः विरोधी.

मुक्ता_पेडणे

तिसवाडीकर बाब, विरोधी मत मागितलंत म्हणून लिहिते. तुमच्या गोष्टीत लोक कुठे आहेत? त्या दिवशी रेडिओवरून चळवळ वारंवार सांगत होती की नागरिकांनी घरी थांबावं. लिस्बनचे लोक थांबले नाहीत. रस्ते भरून गेले, सैनिकांना खायला दिलं, फुलं दिली. समोर आपलीच माणसं उभी दिसली म्हणूनच सरकारी बाजूच्या सैनिकांचे हात थांबले. जे चौघे मेले ते गुप्त पोलिसांच्या इमारतीसमोर जमलेल्या गर्दीतले होते. गुप्त पोलिसांनी खिडक्यांतून गोळ्या झाडल्या. म्हणजे हुकूम पाळणारेही त्या दिवशी होतेच.

रशियातलं पेत्रोग्राद, १९१७ घ्या. ८ मार्चला कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी बाहेर पडल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अख्खं शहर संपावर गेलं. सैनिकांनी एकदा गोळीबार केलाही. मग त्याच सैनिकांनी रात्रभर बराकीत विचार केला आणि सकाळी आपल्याच अधिकाऱ्यावर उलटले. शिपायाचं मन आपोआप वळत नाही. त्याला वळायला लावणारं कोणीतरी आधी समोर उभं राहावं लागतं, आणि समोर उभं राहणाऱ्याला गोळी लागू शकते हे ठाऊक असतं.

आणि आपला १८ जून १९४६? मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियाव मिनेझिस बोलायला उभे राहिले. एकाही पोलिसाने हुकूम मोडला नाही, दोघांना उचलून नेलं. तुमच्या व्याख्येने त्या दिवशी काहीच सुरू झालं नाही. माझ्या आजोबांच्या पिढीला विचारलं असतंत तर सगळं त्याच दिवशी सुरू झालं असं उत्तर आलं असतं, कारण उघड्यावर सभा घेता येते हे तोवर कुणाला खरं वाटत नव्हतं. पुढच्या महिन्यांत किती जणांनी सभेत उभं राहून अटक करून घेतली ते पाहा.

तिसवाडीकर

मुक्ताताई, मान्य की शिपाई हवेत बदलत नाही. पण १८ जूननंतर पंधरा वर्षं राज्य टिकलं, हेही पाहायला हवं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या टी. बी. कुन्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात पाठवलं. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही सीमा ओलांडून आले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मेली. हुकूम वरून खाली बिनबोभाट पोहोचत होता. धैर्य कमी पडलं असं माझं म्हणणं नाही. धैर्य अफाट होतं. फक्त पलीकडची साखळी अजून तुटली नव्हती.

सत्तरीची लेक

तुमच्या दोघांच्या मध्ये बसणारं एक उदाहरण माझ्या तालुक्यातलं आहे. १८९५ चं, सत्तरीतल्या राणे घराण्याचं बंड.

शाळेत आम्हाला हे बंड ‘शूर दादा राणे आणि पोर्तुगीज’ एवढंच शिकवलं. मुळात ते शिपायांचं बंड होतं. मोझांबिकच्या दक्षिणेत गाझाचा राजा गुंगुन्याना याच्या मुलखात १८९४ पासून लढाई पेटली होती. लोरेंसु मार्किश शहरालाच धोका निर्माण झाला. लिस्बनहून माणसं पुरेनात, म्हणून गोव्यातल्या मराठा शिपायांना जहाजावर चढायचा हुकूम निघाला. आपल्या घरापासून समुद्रापार, आपला काही संबंध नसलेल्या राजाशी लढायला. मागे बायकामुलांचं कोण बघणार याचं धड उत्तर नाही. सप्टेंबर १८९५ मध्ये शिपायांनी जायला नकार दिला आणि शस्त्रं घेऊन ते सत्तरीत निघून आले. नाणूसच्या किल्ल्यात ठाण मांडलं. हा किल्ला १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी घेतला होता, त्यामुळे बंडखोराने कुठे जायचं हे सत्तरीत कुणाला सांगावं लागत नव्हतं.

म्हणजे बघा : आफ्रिकेतल्या एका राजाने पोर्तुगीजांना अडवलं आणि त्याचा धक्का म्हादईच्या खोऱ्यात बसला. गुंगुन्यानाला सत्तरी माहीत नव्हती, इथल्या शिपायाला गुंगुन्याना माहीत नव्हता. दोघांना जोडणारी एकच गोष्ट, तेच सरकार आणि त्याचीच अपुरी फौज. डिसेंबर १८९५ मध्ये गुंगुन्याना पकडला गेला आणि इकडे बंड मोडायला राजाचा सख्खा भाऊ, प्रिन्स आफोन्सो, फौज घेऊन उतरला. हाच आफोन्सो १९१० च्या क्रांतीत देश सोडून पळाला आणि परागंदा असतानाच इटलीत वारला.

तिसवाडीकरांच्या म्हणण्याप्रमाणे हुकूम मोडला गेला. साखळी तुटली. तरी राज्य पडलं नाही. का? मला वाटतं, शिपाई आणि राणे एकत्र आले, पण तिसवाडी, साष्टी, बार्देश उठले नाहीत. नव्या काबिजादींतलं, म्हणजे सत्तरी-फोंडा-सांगे-पेडण्याकडचं दुःख जुन्या काबिजादींना आपलं वाटलं नाही. मुक्ताबाय म्हणतात ती गर्दी शिपायांच्या मागे उभी राहिली नाही. दोन्ही लागतं.

मुक्ता_पेडणे

‘दोन्ही लागतं’ला माझा पाठिंबा. आणि सत्तरीची ही बाजू मी पहिल्यांदाच अशी वाचली.

वाट_चुकलेला

एक प्रश्न. कळंगुट-कांदोळी भागात वाढलेला आहे, लहानपणापासून ऐकतोय की पिंटोंचा कट हा फ्रेंच राज्यक्रांतीचं गोव्यातलं पिल्लू होता. खरं आहे का?

फोंडेकर गुरुजी

तारखा जुळत नाहीत, बाबा. कांदोळीच्या पिंटो मंडळींचा कट उघडकीस आला १७८७ मध्ये. पंधरा जणांना पणजीत फाशी दिलं १७८८ च्या डिसेंबरात. पॅरिसमधला बास्तील पडला १४ जुलै १७८९ ला. त्यामुळे कारण इथलंच शोधावं लागतं आणि ते सापडतंही : शिकलेले गोमंतकीय पाद्री बिशपपदापर्यंत पोहोचू शकत नव्हते, वरच्या जागा गोऱ्यांना. फौजेतल्या गोमंतकीयांचीही तीच गत. कटातले प्रमुख पाद्री लिस्बनला जाऊन दाद मागून आले होते आणि रिकाम्या हातांनी परतले होते. पुन्हा तीच तक्रार, जी तिसवाडीकरांनी १९७३ च्या कप्तानांबद्दल लिहिली. लायक माणसाला बढती नाकारली की तो राज्याकडे नव्या नजरेने पाहायला लागतो.

फ्रान्सशी धागा आहे, पण उलट बाजूने. कांदोळीत जन्मलेला आबे फारिया कटाच्या सुमारास लिस्बनमध्ये होता, नंतर पॅरिसला गेला, आणि १७९५ मध्ये तिथल्या सरकारविरुद्धच्या उठावात एका तुकडीच्या पुढे चालला. तो उठाव नेपोलियनने तोफांनी चिरडला. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आहे, बाईला संमोहित करताना. पुतळ्यात संमोहनशास्त्रज्ञ दिसतो, पॅरिसच्या रस्त्यावरचा फारिया दिसत नाही.

फ्रेंच क्रांतीने गोव्यात प्रत्यक्ष आणलं ते इंग्रज सैन्य. टिपू आणि फ्रेंच मिळून काही करतील या धास्तीने १७९९ मध्ये इंग्रजांनी आग्वाद आणि काबोला फौज ठेवली, ती १८१३ पर्यंत हलली नाही. दोना पावलाजवळची इंग्रजांची दफनभूमी त्या मुक्कामाची खूण. क्रांतीचा परिणाम अशा आडवळणानेही येतो : क्रांतीला घाबरलेला तिसराच कोणीतरी येऊन तुमच्या किल्ल्यात बसतो.

खरी लाट आली ती पुढच्या पिढीत. २४ ऑगस्ट १८२० ला पोर्तो शहरात क्रांती झाली. तीही लष्करी छावणीतूनच. राजा १८०७ पासून नेपोलियनला घाबरून ब्राझीलला जाऊन बसलेला, देश इंग्रज सेनापती चालवतोय, पगार थकलेले. क्रांतीने राज्यघटना मागितली, निवडून आलेली संसद मागितली. बातमी जहाजाने इथे यायला महिने लागले. १६ सप्टेंबर १८२१ ला गोव्यात व्हाइसरॉय कोंद द रियो पार्दोला हटवून मंडळ नेमलं गेलं. १७५४ पासून इथे छापखाना बंद होता. आता छापखाना आला आणि २२ डिसेंबर १८२१ ला ‘गॅझेता द गोआ’ निघालं. हे मला त्या सगळ्या घडामोडीतलं सर्वांत मोठं वाटतं. राज्य कोण चालवणार याची चर्चा छापील कागदावर आली.

गोव्यातून तीन प्रतिनिधी संसदेसाठी निवडले गेले, त्यांत बेर्नार्दो पेरिश द सिल्वा आणि कोन्स्तांसियो रोक द कोस्ता हे दोघे गोमंतकीय. ते पोहोचेपर्यंत लिस्बनमध्ये प्रतिक्रांती होऊन संसदच बरखास्त झाली होती. अंतर ही राजकारणातली केवढी मोठी गोष्ट आहे! क्रांती आणि प्रतिक्रांती यांच्यामध्ये एका जहाजाचा प्रवास मावला.

पेरिश द सिल्वांनी धीर सोडला नाही. उदारमतवाद्यांनी पोर्तुगालमधली यादवी जिंकल्यावर त्यांना गोव्याचा प्रीफेक्त नेमलं. गोमंतकीय माणूस गोव्याच्या प्रमुखपदी, जानेवारी १८३५. जेमतेम अडीच आठवडे. इथल्या फौजेतल्या पोर्तुगीज वंशाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पदावरून उतरवून बाहेर घालवलं, आणि मे महिन्यात गास्पार दियशच्या किल्ल्यात, म्हणजे आताच्या मिरामारला, त्यांच्या बाजूच्या सैनिकांची कत्तल केली. तिसवाडीकर, तुमच्या सूत्राची ही दुसरी बाजूही मांडा. शिपाई हुकूम मोडतो तेव्हा नेहमी नव्या युगाचं दार उघडतं असं नाही. १८३५ मध्ये हुकूम मोडला तो गोमंतकीय माणसाला खुर्चीवर बसू न देण्यासाठी.

त्याच वर्षी धार्मिक संघ बंद करण्याचा लिस्बनच्या उदारमतवाद्यांचा कायदा इथे लागू झाला. जुन्या गोव्यातले मठ रिकामे झाले. सेंट ऑगस्टीनचं छत १८४२ मध्ये कोसळलं, आता उभा आहे तो एक मनोरा. पर्यटक त्याचे फोटो काढतात. तो मनोरा पोर्तुगालच्या यादवी युद्धाचा परिणाम आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

वाट_चुकलेला

गुरुजी, आभार. हे शाळेत असं शिकवलं असतं तर इतिहास सोडला नसता. १९१० बद्दलही लिहा ना. आमच्या घरात ‘रिपुब्लिक आली तेव्हा’ हा शब्दप्रयोग आजीच्या तोंडी होता.

फोंडेकर गुरुजी

५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजेशाही गेली. २० एप्रिल १९११ ला धर्मसंस्था आणि राज्य वेगळं करणारा कायदा झाला. गोव्यातल्या हिंदूंसाठी हा बदल किती मोठा होता हे आज सांगूनही पटत नाही. सरकारी नोकरी, शाळा, सार्वजनिक जीवन, सगळीकडे बरोबरीने पाय ठेवता आला. पुढच्या वीस वर्षांत फोंडा-पणजी-मडगाव भागात मराठी शाळा, वाचनालयं, नाट्यमंडळ्या, नियतकालिकं यांचं जे पीक आलं ते त्या मोकळीकीतून. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचं ‘भारत’ साप्ताहिक त्याच काळातलं. आज या धाग्यावर आपण मराठीतून लिहितोय त्यात लिस्बनच्या त्या ऑक्टोबराचा वाटा आहे, आणि हे कृतज्ञतेने नोंदवायला मला संकोच वाटत नाही. वसाहतवादाचा विरोध करतानाही नोंदवता येतं.

कायद्यातही तो ऑक्टोबर जिवंत आहे. गोव्यात लग्न लावायला आधी निबंधकाकडे जाऊन दोनदा सह्या कराव्या लागतात. त्यामागचा विवाहाचा कायदा २५ डिसेंबर १९१० चा, घटस्फोटाचा ३ नोव्हेंबर १९१० चा. पोर्तुगालने स्वतः ते केव्हाच बदलले. आपल्याकडे चालू आहेत.

आणि २८ मे १९२६ ला पुन्हा लष्कर उठलं, प्रजासत्ताक गेलं, सालाझार आला. १९३० मध्ये वसाहत कायदा करून आपल्याला पुन्हा खालच्या पायरीवर उभं केलं. त्याच जुलैत लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी इथल्या सरकारी मंडळात उभं राहून स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. १९१० ने ज्याला एकदा बरोबरी चाखायला दिली, तो १९३० मध्ये गप्प बसणार नव्हता.

लिस्बनमध्ये_सध्या

कामानिमित्त इकडे आहे, म्हणून १९७४ नंतरचं थोडं. तिसवाडीकरांनी गोवा लिस्बनला कसा पोहोचला ते लिहिलं. तिथून पुढे ती क्रांती कुठे कुठे पोहोचली, ते तर अफाट आहे. गिनी-बिसाऊला सप्टेंबर १९७४ मध्ये मान्यता, मोझांबिक २५ जून १९७५, अंगोला ११ नोव्हेंबर १९७५. मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर ऱ्होडेशियाच्या गोऱ्या सरकारची पूर्वेकडची लांब सीमा उघडी पडली, तिथल्या लढवय्यांना तळ मिळाले, आणि १९८० मध्ये झिंबाब्वे झालं. पूर्व तिमोरच्या नशिबी मात्र वेगळं आलं. त्यांनी २८ नोव्हेंबर १९७५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. त्यांना स्वतंत्र व्हायला २००२ उजाडलं. जी क्रांती लिस्बनमध्ये चार मृत्यूंवर निभावली, तिच्या पाठोपाठ तिमोरच्या दिली शहरात आणि अंगोलाच्या लुआंडात केवढं रक्त सांडलं, हे फुलांचं चित्र पाहताना विसरू नये असं मला तळमळीने वाटतं. अंगोलातलं यादवी युद्धही २००२ पर्यंत चाललं.

आमच्याच नात्यातलं एक कुटुंब १९७५ नंतर मोझांबिकहून इथे आलं. आजोबा मूळचे बार्देशचे, लोरेंसु मार्किशला रेल्वेत. जन्म गोव्यात, नोकरी आफ्रिकेत, म्हातारपण लिस्बनच्या उपनगरात. एका माणसाच्या आयुष्यावर तीन उलथापालथी.

दुसऱ्या टोकाला आकिनो द ब्रागांझा. जन्म गोव्यातला, १९२४. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतल्या सगळ्या मुक्ती चळवळींची एकत्र परिषद भरली, तिच्या उभारणीत हा माणूस होता. म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आधीच गोमंतकीय, अंगोलन, मोझांबिकन एका टेबलाभोवती बसले होते. पुढे तो मोझांबिकचा राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल याचा निकटचा सल्लागार झाला आणि १९ ऑक्टोबर १९८६ ला माशेलच्याच विमान अपघातात गेला. गोव्यात त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

एक गोष्ट मराठी वाचकांसाठी. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते या क्रांतीनंतरच. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालकडून मारियु सुआरिश, भारताकडून आपले यशवंतराव चव्हाण.

मुक्ता_पेडणे

कार्नेशन क्रांतीनंतर दोनच दिवसांत काशियास आणि पेनिशेचे राजकीय कैदी सुटले. त्याच काशियासमध्ये मोहन रानडे १९६९ च्या जानेवारीपर्यंत होते. गोवा १९६१ ला मुक्त झाला आणि गोव्यासाठी लढलेला माणूस त्यानंतर सात वर्षं पोर्तुगालच्या तुरुंगात. तिसवाडीकर, साखळी तुटते तेव्हा तुटते, पण तोपर्यंत तिचं वजन कुणी वाहिलं याची नोंद माझ्या लेखी पहिली. रानड्यांच्या बाजूच्या कोठड्यांत पोर्तुगीज कैदी होते. एकाच हुकूमशाहीने दोन्ही देशांतल्या लोकांना एका भिंतीआड ठेवलं होतं.

नावात_काय

मी पंचविशीतला आहे, आमच्या पिढीसाठी क्रांती म्हणजे मोबाइल. ट्युनिशियात १७ डिसेंबर २०१० ला भाजीविक्रेत्या मोहम्मद बुअझिझीने पेटवून घेतलं, व्हिडिओ पसरले, १४ जानेवारीला बेन अली पळाला, मग इजिप्त, लिबिया, सीरिया. इथे लाट पसरायला ना एकच फौज लागली ना एकच सरकार. काठमांडूतही समाजमाध्यमांवर बंदी घातल्यावर मुलं बाहेर आली. मग आता जुना हिशेब लागू होतो का?

तिसवाडीकर

प्रश्न नेमका आहे. बातमी आता सेकंदात पोहोचते, गुरुजींचं जहाज इतिहासजमा झालं. पण बघ, तेच व्हिडिओ सगळ्या अरब देशांनी पाहिले आणि निकाल प्रत्येक ठिकाणी वेगळा लागला. ट्युनिशियाचं सैन्य बेन अलीसाठी लोकांवर धावून गेलं नाही, तो गेला. इजिप्तच्या सेनापतींनी मुबारकला सोडून स्वतःची सत्ता राखली. बहरीनला १४ मार्च २०११ ला सौदी सैन्य पूल ओलांडून आलं, तिथलं राजघराणं टिकलं. सीरियात शिपाई आणि काही अधिकारी फुटले, पण फौजेचा गाभा असदच्या बाजूने राहिला आणि तेरा वर्षं युद्ध चाललं. राग पसरवायला मोबाइल पुरतो. राज्य पडतं की नाही ते बराकीतच ठरतं.

आणि लाट फक्त लोकांना शिकवत नाही, शेजारच्या राज्यकर्त्यांनाही शिकवते. १९७४ पाहून स्पेनमध्ये काही तरुण अधिकाऱ्यांनी गुप्त लोकशाहीवादी संघटना काढली. फ्रँकोच्या सरकारने १९७५ मध्ये त्यांना पकडलं. पण त्याच सरकारमधल्या शहाण्यांनी शेजारचं पाहून ठरवलं की आपल्याकडे कप्तानांनी करण्याआधी आपणच वाटाघाटी कराव्यात. फ्रँको गेल्यावर स्पेन बोलणी करत लोकशाहीत आला. पोर्तुगालच्या क्रांतीचा तो परिणामच, फक्त त्यात रणगाडे दिसत नाहीत.

गुरुजींचा १८३५ चा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हुकूम मोडला गेला हे दार उघडल्याचं लक्षण. आत कोण शिरतं ते कोण आधीपासून संघटित आहे यावर ठरतं.

नावात_काय

मग शेवटचा प्रश्न. १९ डिसेंबर १९६१ ला गोव्यात क्रांती झाली का? भारतीय सैन्य आलं, छत्तीस-चाळीस तासांत झालं. इथल्या कुठल्या शिपायाने हुकूम मोडला?

सत्तरीची लेक

मोडला की, खुद्द गव्हर्नर जनरलने मोडला, वर आलंच आहे. पण तुझा प्रश्न त्याहून मोठा आहे. माझं उत्तर : त्या दिवशी राज्य बदललं. समाजातली उलथापालथ डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून सुरू झाली. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, आणि मोठ्या घराण्यांच्या गोव्यात बहुजनांनी भाऊसाहेब बांदोडकरांना मुख्यमंत्री केलं. गावागावांत शाळा आल्या. १९६४ चा कूळ कायदा, भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी १९७५ चा मुंडकार कायदा, मग मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७६ ची पाचवी दुरुस्ती, जिने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं. माझ्या वडिलांनी भाटकारासमोर खुर्चीवर बसणं म्हणजे काय, हे ज्यांनी आधीचं पाहिलंय त्यांनाच कळेल. मी तरी त्यालाच क्रांती म्हणते.

आणि ती सत्तरीत अर्धी राहिली. आमच्याकडे मोकाशांची, म्हणजे राज्याकडून गावं इनाम मिळालेल्यांची जमीन, आल्वाराची, म्हणजे पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेली जमीन. पिढ्यान्‌पिढ्या काजू लावले, घरं बांधली, पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव सरकारचं किंवा मोकाशाचं. १८२१ आलं, १९१० आलं, १९६१ आलं, १९७४ चा करार झाला, आणि आमच्या गावातल्या कितीतरी घरांखालची जमीन अजून त्या घरात राहणाऱ्यांच्या नावावर नाही. निवडणुकीच्या आधी फॉर्म भरून घेतात. लिस्बनच्या कप्तानांबद्दल वाचायला मला आवडतं, पण या धाग्यावर कूळ-मुंडकार खटले लढलेल्या घरांतलं कोणी असेल तर त्यांनी लिहावं. मामलेदाराकडे काय झालं, भाटकाराने काय केलं, कागद कसे मिळाले. पेडणे, डिचोली, सांगे, काणकोण, कुठलंही चालेल. मी माझ्या घरचे कागद शोधून पुढच्या प्रतिसादात टाकते.